वादळानंतर तारा उभ्या करतांना

(नभोवाणीवरील भाषण)



३ जून २०२० या दिवशीं दुपारीं साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळलें. त्या वेळीं वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता, व मधूनमधून येणारे झोत १३० किलोमीटरपर्यंत पोंचत होते. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या बाजूच्या नारळी-पोफळीच्या बागा कांहीं तासांत आडव्या झाल्या, आणि त्यांच्याबरोबर विजेचे हजारों खांबहि जमीनदोस्त झाले. करोनाच्या सांथीचे निर्बंध चालू असतांनाच राज्याच्या इतर भागांतून कामगारांच्या तुकड्या तेथें गेल्या. तरीहि कांहीं गांवांत पुन्हां दिवा लागण्यास कित्येक आठवडे लागले.

हें वादळ पुढें सह्याद्रि ओलांडून, क्षीण होत होत, विदर्भाकडे गेलें. आमचें शनिशिंगणापूर किनाऱ्यापासून सुमारें दोनशें किलोमीटर आंत, नेवासें तालुक्याच्या काळ्या जमिनींत वसलेलें. आमच्यापर्यंत वादळाचें केवळ शेपूट आलें. तरी त्या संध्याकाळीं वारा सुटला, पाऊस झाला, आणि माझ्या शेताच्या बांधावरचा विजेचा खांब कलून त्याच्या पाठोपाठ आणखी दोन खांब उसांत आडवे झाले. दुसरे दिवशीं सकाळीं वायरमन आला. “केवढा हा वारा!” असें मी म्हणालों. त्यानें खांबाच्या बुडाशीं वांकून पाहिलें आणि शांतपणें म्हटलें, “गुरुजी, खांब वाऱ्यानं पाडला असं म्हणू नका. याचा तणावा कोणी सोडला, ते आधी सांगा.”

तणावा मींच सोडविला होता. नांगरटीच्या वेळीं ट्रॅक्टरच्या वाटेंत येतो म्हणून दोन वर्षांपूर्वीं तो तात्पुरता काढावयास मीं सांगितलें होतें, आणि पुन्हां बसविण्याची गोष्ट विसरून गेलों होतों. त्या विसराळूपणामुळें आसपासचीं अकरा घरें दोन रात्री अंधारांत राहिलीं. एवढ्यावरच निभावलें हें भाग्य. उसांत पडलेल्या त्या तारेंत वीज आहे कीं नाहीं हें पाहिलें जाण्यापूर्वींच एखादें मूल त्या वाटेनें गेलें असतें तर काय झालें असतें, हा विचार माझ्या मनांतून अद्यापि गेलेला नाहीं. त्या सकाळपासून हा विषय समजून घेण्याचा मीं प्रयत्न केला. आणि जें समजलें तें आज आपल्यापुढें ठेवीत आहें.

प्रथम वारा काय करतो तें पाहूं. वाऱ्याचा दाब हा त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला कीं दाब चौपट होतो. ताशीं ६० किलोमीटर वेगाचा वारा एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारें १७ किलोग्रॅम वजनाइतका दाब देतो; वेग १२० किलोमीटर झाला कीं हाच दाब ६८ किलोग्रॅमवर जातो. तार ती केवढी, करंगळीएवढी जाड. तिच्यावर वारा कितीसा बसणार, असें आपणांस वाटेल. परंतु दोन खांबांत ६० मीटर अंतर असून तार १० मिलिमीटर जाडीची असेल, तर अशा तीन तारांचा मिळून वाऱ्यासमोर येणारा पृष्ठभाग १.८ चौरस मीटर होतो. अर्थात् १२० किलोमीटरच्या वाऱ्यांत केवळ तारांमुळेंच खांबाच्या माथ्यावर सुमारें १२० किलोग्रॅमचा आडवा जोर बसतो. आणि तोहि जमिनीपासून सात मीटर उंचीवर, म्हणजे जणूं लांबलचक पहारेच्या टोंकावर.

तथापि हा भार अकल्पित नाहीं. भारतीय मानकांत वाऱ्याच्या वेगाप्रमाणें देशाचे सहा विभाग पाडलेले आहेत. पुण्यासाठीं सेकंदाला ३९ मीटर व मुंबईसाठीं ४४ मीटर असा वेग धरून बांधकामांचा हिशेब करतात. ३९ मीटर म्हणजे ताशीं सुमारें १४० किलोमीटर होय. नीट रोवलेला व नीट ताणलेला खांब १२० किलोमीटरचा वारा सहसा सोसतो. मग हजारों खांब पडले ते कां? माझ्या समजुतीप्रमाणें त्याचीं कारणें तीन: झाड, जमीन आणि तणावा.

झाडाची गोष्ट उघड आहे. कोंकणांत वाडीच्या मधून, माडांच्या व पोफळींच्या सावलींतून तारा गेलेल्या असतात. वारा एकट्यानें जें करूं शकत नाहीं, तें तो झाडाकडून करवितो. शेंकडों किलोग्रॅम वजनाचा माड तारेवर कोसळला म्हणजे तार तरी तुटते, नाहीं तर खांब तरी मोडतो.

दुसरी गोष्ट जमिनीची. खांबाच्या एकूण लांबीचा सुमारें सहावा भाग जमिनींत पुरावा, असा साधारण नियम आहे. म्हणजे नऊ मीटरचा खांब दीड मीटर खोल गेला पाहिजे. परंतु खोलीइतकेंच महत्त्व मातीचें. आमच्याकडील काळी माती पाण्यानें फुगते व उन्हानें भेगाळते. त्यामुळें प्रत्येक ऋतूंत खांबाभोंवतालची पकड थोडी सैल होते. त्यांत उसाला पाट सोडलेला असला, किंवा नांगराचा फाळ खांबाच्या अगदीं बुडाशीं गेला, तर ती पकड नाहींशीच होते. किनाऱ्यावर रेताड जमीन आणि खारा वारा; तेथें लोखंडी खांब मातीच्या पातळीशीं गंजून खालून पोकळ होत जातो, आणि वरचा रंग पाहून हें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं.

तिसरी गोष्ट तणाव्याची, आणि ती मी रस्सीखेंचीच्या दृष्टांतानें सांगतों. दोन्ही पक्ष सारख्याच जोरानें ओढीत असले म्हणजे दोर जागचा हलत नाहीं. पण एका पक्षानें अकस्मात् हात सोडले, तर दुसऱ्या पक्षांतील सगळे गडी एकमेकांवर आदळून उताणे पडतात. सरळ ओळींतील खांबाची स्थिति अशीच असते. उजवीकडील तारा जितक्या ओढतात तितक्याच डावीकडील ओढतात, आणि म्हणून खांब उभा असतो. एका बाजूच्या तारा तुटल्या कीं दुसऱ्या बाजूचा सर्व ओढा त्या एका खांबावर येतो. तो पडतांना पुढच्याला ओढतो, पुढचा त्याच्या पुढच्याला. आणि एका माडाच्या पायीं खांबांची ओळच्या ओळ झोंपते.

ही साखळी तोडण्याचा उपाय म्हणजे तणावा. वायरमन त्याला ‘स्टे’ म्हणतात. जेथें ओळ संपते किंवा वळण घेते, तेथें ओढा एकाच बाजूचा असतो. म्हणून विरुद्ध बाजूस पोलादी दोर तिरपा नेऊन जमिनींत खोल गाडलेल्या सळईला बांधतात. त्या दोराच्या मध्यावर अंड्याच्या आकाराची चिनी मातीची एक गुंडी असते. वरून तारेचा स्पर्श झाला तरी खालच्या, माणसाच्या हातीं लागणाऱ्या भागांत वीज उतरूं नये म्हणून ती योजना असते. लांब ओळींत ठराविक अंतरावर दोन खांब जोडून उभे करतात व त्यांना दोन्ही दिशांनीं तणावे देतात. मग अलीकडे कांहींहि पडलें तरी त्याचा धक्का पलीकडे जात नाहीं. खेडोपाडीं रोहित्राला सर्वजण ‘डी. पी.’ म्हणतात; तो शब्दहि मुळांत अशा जोडखांबाचा, डबल पोलचा आहे.

आतां दुरुस्तीकडे वळूं. वादळानंतर शहरांतील गृहस्थाचा पहिला प्रश्न असा असतो कीं, “समोरच्या इमारतींत दिवे आले, मग आमच्याकडे कां नाहींत?” याचें उत्तर विजेच्या प्रवासांत आहे. वीज केंद्रांतून निघते ती अतिउच्चदाबाच्या मोठ्या मनोऱ्यांवरून. हें काम आपल्या राज्यांत मुख्यतः महापारेषण पाहतें. तेथून उपकेंद्रांत दाब उतरवून ती ३३,००० व मग ११,००० व्होल्टच्या वाहिन्यांवरून गांवोगांवीं जाते, आणि शेवटीं रोहित्रांतून २३० व्होल्टची होऊन आपल्या घरांत येते. हें वांटपाचें काम राज्याच्या बहुतेक भागांत महावितरणकडे आहे. वरची वाहिनी बंद असतांना खालची नीट करून उपयोग नाहीं. ३३,००० व्होल्टची एक वाहिनी जोडली तर हजारों घरांची वाट मोकळी होते. एका घराची तार जोडली तर एकच घर उजळतें. म्हणून प्रथम उपकेंद्रें, मग रुग्णालयें, पाणीपुरवठा व दूरध्वनीचे मनोरे, मग वस्त्या, आणि सर्वांत शेवटीं एकेकटें घर, असा क्रम लावावा लागतो. समोरची इमारत दुसऱ्या रोहित्रावर असेल, तर तिचा दिवा व आपला दिवा यांचा संबंधच नसतो.

प्रत्यक्ष काम दिसतें त्याहून संथ असतें. पायीं हिंडून पाहणी करावयाची, पडलेलीं झाडें कापून वाट काढावयाची, तुटलेल्या तारा गुंडाळावयाच्या, मग खड्डे. रस्त्याच्या कडेला क्रेन चालते. पण वाडींतील अरुंद पाखाडींत किंवा चिखलानें भरलेल्या शेतांत खांब दोरांनीं व माणसांच्या खांद्यांवरच उभा राहतो. तारांचे ते दोरहि निरनिराळ्या जाडीचे असतात. पोलादी गाभ्याभोंवतीं ॲल्युमिनियमचे पदर वळून ते करतात, आणि जाडीप्रमाणें त्यांस स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग अशीं प्राण्यांचीं इंग्रजी नांवें दिलेलीं आहेत. एखादा वायरमन “ससा संपला, कुत्रा पाठवा” असें दूरध्वनीवर सांगूं लागला तर आपण हंसूं नये. तो कामाचेंच बोलत असतो.

या सर्वांत एक गोष्ट अशी आहे कीं तिच्यावर माणसाचा प्राण अवलंबून असतो. खांबावर चढण्यापूर्वीं वाहिनी बंद करावयाची. ती खरोखर बंद आहे कीं नाहीं हें उपकरणानें तपासावयाचें. मग कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंस तारा एकमेकींस जोडून त्या भूमीशीं जोडावयाच्या, म्हणजे अर्थिंग करावयाचें. आणि मगच वर चढावयाचें. ज्या स्विचानें वाहिनी बंद केली असेल त्याला कुलूप लावून, माणसें कामावर असल्याची पाटी टांगावयाची. आमच्या गांवीं घरांना दारें व कुलुपें न लावण्याची परंपरा सर्वांस ठाऊक आहे. त्या गांवच्या रहिवाशानें कुलुपाची महती गावी हें आपणांस चमत्कारिक वाटेल. परंतु हें कुलूप चोरासाठीं नसतें. तें विसराळूपणासाठीं असतें, आणि विसराळूपणा काय करतो हें मीं माझ्या बांधावर पाहिलें आहे.

पण उपकेंद्रांत कुलूप असूनहि तारेंत वीज येण्याचा एक मार्ग उरतो, आणि तो आपल्या घरांतून निघतो. अंधार पडला कीं कोणी जनरेटर आणतो, आणि घाईघाईनें त्याची तार भिंतींतल्या प्लगांत खुपसतो. मुख्य स्विच चालू राहिला असेल, तर ती वीज घरांत न थांबतां रस्त्यावरच्या तारेंत जाते आणि तेथून रोहित्रांत शिरते. रोहित्राला दिशा कळत नाहीं. जें यंत्र ११,००० व्होल्ट उतरवून २३० करतें, तेंच उलट बाजूनें २३० चढवून पुन्हां ११,००० करतें. दूर कोठें तरी, ‘वाहिनी बंद आहे’ अशा समजुतीनें तारेला हात घालणाऱ्या माणसाला ती मारूं शकते. दोन्ही बाजूंस अर्थिंग करावयाचें तें यासाठींच. छपरावरील सौर यंत्रें वाहिनी बंद होतांच आपोआप थांबतील अशीं केलेलीं असतात. परंतु साध्या जनरेटराला ती अक्कल नसते. तेथें चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळीं एकच वाट उघडी ठेवणारा स्विच, परवानाधारक कारागिराकडून बसवून घेतलाच पाहिजे. आपल्या सोसायटींत तो आहे कीं नाहीं हें कृपा करून आजच पाहावें.

आतां बळकटीचा प्रश्न. खांब होता तेथें तसाच पुन्हां उभा केला, तर आपण केवळ पुढच्या वादळाची तयारी केली असें होईल. आणि पुढचें वादळ फार थांबत नाहीं. ११ नोव्हेंबर २००९ रोजीं ‘फयान’ कोंकणावर आलें होतें. ‘निसर्ग’नंतर तर वर्षहि पुरें झालें नव्हतें, तोंच मे २०२१ मध्यें ‘तौक्ते’ सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या किनाऱ्याला झोडपीत गुजराथेकडे गेलें. म्हणून दुरुस्तीबरोबरच कांहीं गोष्टी साधून घ्याव्या लागतात. दोन खांबांतील अंतर फार असेल तेथें मध्यें एक खांब घालावा. त्यामुळें प्रत्येकाच्या वांट्याचा वारा कमी होतो. सैल जमिनींत बुडाभोंवतीं काँक्रीट ओतावें; त्याला वायरमन ‘मफिंग’ म्हणतात. झाडींतून जाणाऱ्या उघड्या तारांच्या जागीं आवरण असलेली, एकत्र पिळलेली केबल टांगावी. म्हणजे फांदी टेंकली तरी बिघाड होत नाहीं. आणि गांवाला वीज येण्यास एकच वाट न ठेवतां दुसरी वाट जोडून ठेवावी.

या शेवटच्या गोष्टीचें मोल दूरच्या एका बेटानें फार महाग शिकविलें. २० सप्टेंबर २०१७ रोजीं ‘मारिया’ नांवाचें वादळ कॅरिबियन समुद्रांतील पोर्तो रिको बेटावर गेलें आणि सबंध बेटाची वीज गेली. तेथें विजेचीं मोठीं केंद्रें बहुतांशीं दक्षिणेस, आणि दाट वस्ती उत्तरेस. मध्यें डोंगर, आणि डोंगरांतून जाणाऱ्या वाहिन्या. त्या वाहिन्या पडल्या, आणि शेवटच्या घरापर्यंत दिवा पोंचण्यास सुमारें अकरा महिने लागले.

“मग तारा सरळ जमिनीखालून कां नेऊं नयेत?” असें आपण विचाराल. नेतातहि. ऑक्टोबर २०१४ मधील ‘हुदहुद’ वादळानंतर विशाखापट्टणम् येथें तें काम हातीं घेण्यांत आलें. आपल्याकडे जागतिक बँकेच्या साहाय्याच्या राष्ट्रीय चक्रीवादळ प्रकल्पांत अलिबाग शहरासाठीं भूमिगत वाहिन्यांची योजना झाली. दाट वस्तीच्या किनारी गांवांस हा उपाय उत्तम. परंतु त्यास खर्च कित्येक पट येतो. आणि जमिनीखाली बिघाड झाला तर तो डोळ्यांना दिसत नाहीं, यंत्रांनीं शोधून रस्ता उकरावा लागतो. विखुरलेल्या वाड्यावस्त्यांना व माझ्यासारख्यांच्या शेतांना खांबांचीच सोबत पुढेंहि राहणार. यास्तव त्या खांबांची काळजी घेणें हेंच शेवटीं उरतें.

येथें एक अडचण सांगितली पाहिजे. लोक अंधारांत असतां पक्कें काम करीत बसण्यास सवड नसते. रुग्णालय, पाण्याची टाकी, परीक्षेला बसलेलीं मुलें, सर्वांचा तगादा असतो. म्हणून मिळेल त्या खांबावर, मिळेल तेवढ्या खोलींत, तात्पुरती तार ओढून दिवे लावले जातात. यांत कोणाचा दोष नाहीं. तें तसेंच केलें पाहिजे. दोष पुढें होतो. दिवे आले कीं तगादा थांबतो, वर्तमानपत्रें गप्प होतात, आणि ‘तात्पुरतें’ काम पक्कें करावयास परत जाण्याची निकड कोणालाच वाटत नाहीं. मीं काढलेला तणावाहि तात्पुरताच होता. वादळ एका दिवसाचें असतें; खांब मात्र त्यापूर्वींच्या शांत वर्षांत दुबळा होत असतो. दिवे लागल्यावर जी दुरुस्ती थांबली, ती अर्धीच झाली असें समजावें.

म्हणून आपल्या हातीं काय आहे? तणावा सैल दिसला, खांब कलला, फांदी तारेला टेंकली, तर पावसाळ्यापूर्वींच १९१२ या क्रमांकावर कळवावें. स्वतः कोयता घेऊन चढूं नये. तणाव्याला जनावर बांधूं नये, त्यावर कपडे वाळत घालूं नयेत, आणि माझ्यासारखा तो सोडवूं तर नयेच. पडलेली तार दिसली तर ती मेलेली आहे असें कदापि मानूं नये; दूर राहावें, इतरांस दूर ठेवावें. आणि वादळानंतर खांबावर चढलेला माणूस दिसला, तर “केव्हां येणार?” असें विचारण्यापूर्वीं आपला जनरेटर कसा जोडला आहे तें एकदां पाहावें.

माझ्या बांधावरचा खांब पुन्हां उभा राहिला. त्याच्या बुडाशीं आतां काँक्रीट आहे, आणि तणावा जागेवर आहे. ट्रॅक्टरला चार हात वळसा पडतो. ऊस एक सरी कमी लागतो. दरवर्षीं रोहिणी लागण्यापूर्वीं मी तेथें जाऊन त्या दोराला हात न लावतां नुसत्या डोळ्यांनीं तो ताठ आहे ना, एवढें पाहून येतों.